अनासपुरेचा पहिला नंबर

आमच्या शहरात दोन प्रश्नांची उत्तरं कुणालाच छातीठोकपणे देता येत नाहीत. एक, नळाला पाणी कधी येणार? दुसरा, मकरंद अनासपुरेचा सगळ्यात भारी सिनेमा कोणता? पहिल्या प्रश्नाला निदान महापालिकेचं वेळापत्रक तरी असतं. ते चुकतं, आणि चुकल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या हेही ठरलेलं असतं. दुसऱ्या प्रश्नाला तेवढीही सोय नाही. हा वाद शहर औरंगाबाद होतं तेव्हा सुरू झाला. २०२३ साली शहर छत्रपती संभाजीनगर झालं, पाट्या बदलल्या, लेटरहेडं बदलली, वाद मात्र जुन्याच पत्त्यावर चालू ऱ्हायलाय: औरंगपुरा, जिल्हा परिषदेजवळची चहाची टपरी, वेळ संध्याकाळी सहापासून कुणाच्या तरी घरून फोन येईपर्यंत.

पुण्यात अशी यादी करायची तर आधी रकाने आखतात. पटकथा, दिग्दर्शन, अभिनय, संगीत, मग प्रत्येकाला गुण आणि शेवटी बेरीज. आमच्याकडं रकाना एकच: हा माणूस आपल्याला आधी कुठं भेटलाय? अनासपुरेनं पडद्यावर काहीही केलं तरी टपरीवरचा एक तरी जण मान हलवत म्हणतो, ‘‘हा तर आपला अमक्या हापिसातला.’’ सिनेमा जितक्या जास्त लोकांच्या ओळखीचा, तितका वरचा नंबर. अभिनयाचे वेगळे गुण नाहीत, कारण तो अभिनय करतो हेच इथं पुष्कळांना मान्य नाही. ‘‘त्यात काय ॲक्टिंग? आपल्यासारखं तर बोलतो!’’ असं म्हणणाऱ्या गृहस्थांना एकदा मोबाइलचा कॅमेरा सुरू करून ‘तसं बोला बरं’ म्हटलं, तर ते एकदम आकाशवाणीच्या बातम्या देऊ लागले.

‘जाऊ तिथे खाऊ’ची गोष्ट घ्या. २००७ चा सिनेमा. त्यात गड्याची विहीर चोरीला जाते. म्हणजे कागदावर विहीर खोदून झालेली असते, पैसे ज्याचे त्याला पोचलेले असतात, फक्त शेतात खड्डा नसतो. तेव्हा गडी सरळ तक्रार करतो की माझी विहीर चोरीला गेली, शोधून द्या. हा सिनेमा टपरीवर निघाला की सगळे आमच्यातल्या जिल्हा परिषदेच्या निवृत्त बाबूंकडं बघतात. ते आधी चहा संपवतात. मग शांतपणे म्हणतात, ‘‘सिनेमा चांगलाय, पण खोटाय. विहीर अशी गायब होत नसते.’’ का? तर त्याला आधी अंदाजपत्रक लागतं, मोजमाप पुस्तिका लागते, काम पूर्ण झाल्याचा दाखला लागतो. इतक्या कमी सह्यांत विहीर चोरीला जाऊच शकत नाही, हे त्यांचं तांत्रिक मत. नैतिक मत त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही आपणहून दिलं नाही.

पुढं २०१० साली श्याम बेनेगलांचा ‘वेल डन अब्बा’ आला. त्यातही विहीर अशीच हरवते. ‘आपल्या विहिरीवर हिंदीवाल्यांनी मोटार बसवली’ एवढीच त्याची दखल टपरीनं घेतली. कुणीतरी सांगितलं की बाबांनो, बेनेगलांनी हैदराबादच्या जिलानी बानो यांच्या कथेचाही आधार घेतलाय, चोरीबिरी काही नाही. यावर बाबू म्हणाले, ‘‘मग बरोबरच आहे. १९४८ पर्यंत आपणही निजामाच्याच सरकारात होतो. फाइल एकच असंल.’’

पण या सिनेमाचा नंबर बारमाही टिकत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. एप्रिल-मेमध्ये तो बिनविरोध पहिला असतो. शंभर टीएमसीच्या वर पाणी धरणारं जायकवाडी पैठणला, शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. मलिक अंबरानं सतराव्या शतकात डोंगराकडून नहर आणून या शहराला पाणी पाजलं. आणि आम्ही एकविसाव्या शतकात टँकरवाल्याला ‘दादा’ म्हणतो, त्याच्या पोराच्या वाढदिवसाला केक नेतो. अशा दिवसांत विहीर हरवल्याची तक्रार हा विनोद वाटत नाही, अर्जाचा नमुना वाटतो. एकदा मृग बरसला, गच्चीवरच्या टाक्या भरल्या, की तोच सिनेमा गुपचूप तिसऱ्यावर येतो.

निवडणुका लागल्या की ‘गल्लीत गोंधळ, दिल्लीत मुजरा’ वर सरकतो. नागेश भोसलेंचा हा २००९ मधला सिनेमा आला तेव्हा त्यातली आघाड्यांची उलथापालथ बघून आम्ही हसून हसून बेजार झालो होतो. अलीकडं तो लावला तर पोरं विचारतात, यात विशेष काय चाललंय? त्यांचं बरोबर आहे. मागच्या काही वर्षांत महाराष्ट्रानं त्या पटकथालेखकाच्या पोटावर पाय दिलाय. व्यंग म्हणून लिहिलेलं नऊच्या बातमीत आलं की व्यंगाचे गुण कापावेच लागतात.

लग्नसराईत कुणीतरी ‘गाढवाचं लग्न’ काढतोच. मुळात ते हरिभाऊ वडगावकरांचं वगनाट्य, प्रकाश इनामदारांनी गाजवलेलं. सिनेमात सावळ्या कुंभार झाला अनासपुरे. तो त्यात चांगलाय, पण माझं मत विचाराल तर तिथं गाढव जास्त चांगलंय, आणि आम्ही पुढं जाऊ.

कारण मला यायचंय ते ‘कायद्याचं बोला’वर. २००५ चा सिनेमा, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. हा गडीही आमच्याच शहरातला. इथं ‘जिगीषा’ नावाची नाटकमंडळी जमवली आणि मग प्रशांत दळवींसकट सगळा संच मुंबईला गेला. अनासपुरेही इथल्याच नाटकांतून गेलेला. मूळ गोष्ट १९९२ च्या ‘माय कझिन व्हिनी’ या इंग्रजी सिनेमाची. अलाबामातल्या कोर्टात खुनाचा खोटा आळ आलेली दोन पोरं, आणि त्यांना सोडवायला न्यूयॉर्कच्या ढंगात बोलणारा, अनुभवशून्य वकील. तो तोंड उघडतो आणि कोर्टाच्या कपाळाला आठ्या पडतात. मराठीत या वकिलाचं नाव काय ठेवलं, तर केशव कुंथलगिरीकर. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला आमच्या टपरीतर्फे तहहयात चहा. कुंथलगिरी धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात, जैनांचं तीर्थक्षेत्र आणि पेढ्यासाठी नामांकित. आता समोर सचिन खेडेकर, सूट, भारदस्त आवाज, एकेक शब्द इस्त्री केलेला. आणि या बाजूला ज्याच्या नुसत्या आडनावाला खव्याचा वास येतो असा माणूस. खटला उभा राहायच्या आधीच निकाल लागल्यासारखा.

त्याआधी मराठी सिनेमात मराठवाड्याचा माणूस कसा यायचा ते आठवा. हातात ट्रे घेऊन यायचा, नाहीतर दंडुका घेऊन. गडी, हवालदार, चुकून आलेला पाहुणा. एक वाक्य बोलायचा, लोक हसायचे, तो जायचा. लोक हसले कशाला, तर त्यानं ते वाक्य हेल काढून म्हटलं याला. वाक्यात विनोद असायची सक्तीच नव्हती. अनासपुरेनंही सुरुवातीला अशा छोट्या भूमिका केल्या. ‘वास्तव’मध्ये संजय दत्तच्या आसपास तो दिसतो, पण तो आहे हे इथल्या प्रेक्षकांना एकमेकांना कोपरानं ढोसून सांगावं लागत होतं.

‘कायद्याचं बोला’नं त्याच बोलीला काळा कोट घातला. आता हा माणूस उलटतपासणी घेतोय. हेल तोच, पण हसणाऱ्यानं हसून घेतल्यावर मुद्दा तिथंच उभा असतो आणि साक्षीदाराला घाम फुटलेला असतो. अनासपुरेची खरी ताकद मला इथंच दिसते. बोलण्यावरून समोरचा त्याला येडा समजतो, तो समजू देतो, आणि त्या अवधीत नियमाची वही समोरच्यापेक्षा जास्त नीट वाचून येतो. डोळे किंचित बारीक, मान तिरकी, प्रश्न इतका साधा की उत्तर देणारा बेसावध. ज्या सिनेमांत त्याला हे करू दिलंय ते वरचे, आणि ज्यांत नुसता येडाच ठेवलाय ते खालचे. रकाने आखायचेच असतील तर मला हा एक पुरेसा आहे.

या शहरात वकिलांची कमी नाही. १९८१ साली उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं आणि मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून काळे कोट इकडं निघाले. जुन्या अदालत रोडवर तर आधीपासून गर्दी. गंमत अशी, की यातल्या प्रत्येकाला केशव कुंथलगिरीकर माहीत आहे, आणि तो नेहमी दुसरा कुणीतरी आहे. बीडचा वकील म्हणतो, परभणीचा एक जण हुबेहूब तसा. परभणीचा म्हणतो, लातूरचा. लातूरचा हसतो आणि हळूच बीडच्या वकिलाकडं बोट दाखवतो. आमच्या टपरीवरच्या वकीलसाहेबांनी तर हा सिनेमा पहिल्या नंबरवर ठेवायला लेखी हरकत घेतलीय. मुद्दे चार. त्यातला तिसरा असा, की खऱ्या कोर्टात निकाल इतक्या लवकर लागत नाही, सबब सिनेमा वास्तवाला धरून नाही.

पुण्याला शिकायला गेलेल्या आमच्या पोरांवर मात्र या सिनेमाचे उपकार की अपकार, हे अजून ठरायचंय. आधी ही पोरं हॉस्टेलवर पोचली की सहा महिन्यांत ‘काहून’ पेटीत घालून ‘का बरं’ वापरायला काढायची. अनासपुरे गाजल्यावर रूममेट म्हणू लागले, ‘‘ए, तू तिकडचा ना? मग अनासपुरेसारखं बोल की!’’ आता बोलावं तर नकलाकार ठरतो आणि न बोलावं तर खोटारडा. माझ्या ओळखीच्या एका पोरानं यावर तोडगा काढला. तो पुण्यात अनासपुरेसारखं बोलतो आणि घरी आला की पुणेरी. आई म्हणते, पोरगं सुधारलं. रूममेट म्हणतात, पोरगं अस्सल आहे. दोन्हीकडं जेवण व्यवस्थित मिळतं.

‘दे धक्का’चा पक्ष आमच्याकडं सगळ्यात मोठा, आणि तो पक्ष वाळूजचा. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला, त्याच्या मागं सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली, आणि शहरातल्या दर तिसऱ्या घरात एक तरी माणूस असा निघाला की ज्याच्याकडं गाडीचं ॲव्हरेज वाढवायची युक्ती आहे. अशा शहरात २००८ साली सिनेमा येतो, ज्यातल्या बापानं इंधन वाचवणारा पार्ट शोधण्यापायी सगळी इस्टेट घालवलीय, आणि आता तो पोरीच्या नाचाच्या स्पर्धेसाठी आख्ख्या खानदानाला एका खटाऱ्यात कोंबून मुंबईला निघालाय. सोबत शिवाजी साटमांचा तिरसट म्हातारा आणि सिद्धार्थ जाधवचा मेव्हणा. मूळ कल्पना ‘लिटल मिस सनशाइन’ची, पण वाळूजच्या लोकांना हे सांगून उपयोग नाही. ‘‘अमेरिकेत गाडी ढकलतात व्हय?’’ एवढंच ते विचारतात.

या पक्षाचा म्होरक्या म्हणजे आमचा गॅरेजवाला. त्याच्या यादीत पहिला ‘दे धक्का’, दुसरा ‘साडे माडे तीन’. दुसऱ्यात अशोक सराफ, भरत जाधव आणि अनासपुरे असे तीन भाऊ गॅरेज चालवतात. ‘चलती का नाम गाडी’वरून अंकुश चौधरीनं केलेला, २००७ चा. यादीत तिसरा कोणता म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘तिसऱ्यात गाडी कुठाय?’’ ‘दे धक्का’मध्ये पार्टचं नेमकं काय होतं यावर त्याचा आणि दिग्दर्शकांचा मतभेद आहे. त्याच्या मते व्हॉल्व्ह चुकीच्या बाजूनं बसवला असणार. त्यानं तसाच एक पार्ट स्वतः करून आपल्या मोटारसायकलला लावलाय. मोटारसायकल सध्या ढकलूनच चालू होते, त्यामुळं ॲव्हरेज अफाट आहे.

मला ‘दे धक्का’ आवडतो, पण पहिला नंबर नाही द्यायचा. त्यात अनासपुरे उत्तम आहे, तरी तो एकटा नाही. प्रत्येक जण एकेका बाजूनं गाडी ढकलतोय, आणि घाम सगळ्यांचा मिसळलाय.

आमच्यातल्या निवृत्त मास्तरांनी मतदानात कधीच भाग घेतला नाही. ‘निशाणी डावा अंगठा’चा विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेतात. रमेश इंगळे उत्रादकरांची ती कादंबरी २००५ ची, सिनेमा पुरुषोत्तम बेर्डेंचा, २००९ चा. प्रौढ साक्षरतेचं अभियान कागदावर कसं यशस्वी होतं याची गोष्ट. निरक्षर सापडेनात म्हणून मास्तरांची पळापळ, आणि सापडले की ते शिकेनात. मास्तरांचं म्हणणं, याला विनोदी सिनेमांत धरूच नका, हा माहितीपट आहे. त्यांनी स्वतः शाळेत असताना जनगणना, मतदारयाद्या, पोलिओचे थेंब, संडासांची मोजणी, एवढं सगळं केलंय. उरलेल्या वेळात गणित. ‘‘त्या सिनेमात एकच चूक आहे,’’ ते म्हणाले, ‘‘मुख्याध्यापक रात्री झोपलेला दाखवलाय.’’ सिनेमात खरंच तसं आहे का, हे बघायला परत सिनेमा लावावा लागेल, आणि मास्तर तर समोर बसून चष्माच पुसतात.

वाद रंगात आला की एखादा ज्येष्ठ हमखास मधे पडतो आणि टेबलच उलटं करतो. ‘‘सिनेमे सोडा, लक्ष्मणराव देशपांडे पाहिलेत का?’’ मग सगळे गप्प, कारण याला उत्तर नाही. आमच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवणारा हा माणूस १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्यानं करत होता. पन्नासाहून जास्त माणसं, आख्खं गाव, विमान, व्याही आणि विहिणी, सगळं एकाच अंगातून. गिनिज बुकात त्याची नोंद झाली. ज्या शहरानं एका माणसात एवढं वऱ्हाड पाहिलंय, त्याला पडद्यावर एका वेळी एकच अनासपुरे बघून समाधान कसं व्हावं? दुसरा ज्येष्ठ मग दादा कोंडकेंना आणतो, लागोपाठ नऊ रौप्यमहोत्सवांसकट. तिसरा लक्ष्याला आणतो. आणि अनासपुरेची यादी करायला बसलेली माणसं अचानक महाराष्ट्राच्या हास्याच्या इतिहासात हरवतात. चहावाला दुसरी फेरी लावतो. त्याला इतिहास आवडतो.

रिक्षावाले चाचा मात्र एकाच नावावर ठाम. ‘रंगा पतंगा’. प्रसाद नामजोशींचा, २०१६ चा. त्यात अनासपुरे जुम्मन झालाय. विदर्भातला दुष्काळग्रस्त शेतकरी, त्याचे रंगा आणि पतंगा नावाचे दोन बैल नाहीसे होतात, आणि तो दोस्त पोपटला घेऊन ते शोधत फिरतो. पोपट झालाय संदीप पाठक, जो आता देशपांडे सरांचं ‘वऱ्हाड’ रंगमंचावर करतो. म्हणजे ज्येष्ठांनाही या सिनेमात बसायला जागा आहे. साधी बैलांची चौकशी. पण ती पोलिसांकडं गेली, वाहिन्यांकडं गेली, पुढाऱ्यांकडं गेली, आणि प्रत्येकाला त्यात बैल सोडून सगळं दिसलं. सुरुवातीला आपण हसतो. नंतर शेजारचा का हसत नाही म्हणून वळून बघावं, तर आपणही थांबलेलो असतो.

वकीलसाहेबांनी तांत्रिक मुद्दा काढला: हा विनोदी नाही, यादीत बसत नाही. चाचांनी विडी विझवली. ‘‘वकीलसाब, बैल गुम गये तो इनो क्या जोक सुनायेंगे?’’ वकीलसाहेबांनी पुढची तारीख मागितली.

अनासपुरेनं नुसता गंभीर चेहरा करून ‘चांगला नट’ म्हणवून घेतलं असतं तर मी चाचांना साथ दिली नसती. पण जुम्मनमध्ये तो गंभीर चेहरा करत नाही. तोच तिरकस माणूस आहे, तीच नियम समजून घ्यायची धडपड, फक्त या खेपेला नियमाच्या वहीत त्याच्यासाठी पानच नाही. २०१५ साली नाना पाटेकरांबरोबर ‘नाम’ ही संस्था काढून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी गेलेला माणूस पुढच्याच वर्षी पडद्यावर बैल शोधतो, तेव्हा त्याच्या थकलेल्या चालीला वेगळी दाद द्यायची गरज राहत नाही.

उरलेल्या सिनेमांबद्दल प्रेमाखातर कमी बोलावं. एक काळ असा आला की दर थोड्या शुक्रवारांनी त्याचं नवं पोस्टर लागायचं. ‘तीन बायका फजिती ऐका’ हा सिनेमा नावातच संपतो. काही सिनेमे त्यानं केले, काही त्याच्याकडून झाले, आणि काहींत तो आहे हे केबलवाल्यामुळं कळलं. टपरीवर याचंही समर्थन आहे: ‘‘चालू असलेल्या घोड्यावर सगळेच बसतात, राजेहो.’’ घोड्याला कुणी विचारलं नाही, हा भाग वेगळा.

एवढ्या चर्चेनंतर यादी कुणी लिहायची असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांच्या घरून एकदम फोन आले. म्हणून मीच लिहितोय, ऋतुमान आणि पाणीपुरवठा बाजूला ठेवून. पहिला ‘कायद्याचं बोला’. दुसरा ‘जाऊ तिथे खाऊ’, मे महिन्यात विभागून पहिला. तिसरा ‘दे धक्का’. चौथा ‘निशाणी डावा अंगठा’, मास्तरांची माफी मागून. ‘रंगा पतंगा’ क्रमांकाच्या बाहेर आणि सगळ्यांच्या वर, चाचांच्या रिक्षाच्या हुडावर. ‘गल्लीत गोंधळ’ आचारसंहिता लागेपर्यंत स्थगित.

सदर यादीवर ज्यांच्या हरकती असतील त्यांनी पंधरा दिवसांच्या आत, दोन प्रतींत, टपरीवर दाखल कराव्यात. मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार होणार नाही, मुदतीत आलेल्यांचाही होईलच असं नाही. वाळूजहून सामुदायिक अर्ज आणणाऱ्यांनी गाडी चढावर लावू नये. सही येत नसेल तर डावा अंगठा चालेल.